तुम्हाला नक्की काय जमायला हवंय?

मागच्या अंकात मी गुडघ्यांवर लिहिलं आणि टपालातून आले ते सगळे खुबेच. बहुतेकांनी ‘कोणता व्यायाम करू?’ एवढंच विचारलंय. न तपासता त्याचं उत्तर मी देत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. काहींनी मात्र निराळं विचारलंय : फिजिओकडे जाताना अपेक्षा काय ठेवायची, आणि ती बोलून दाखवायची का? या महिन्यात तीच पत्रं घेते.

‘मी ५४ वर्षांची, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आठ महिने उजव्या खुब्याची बाहेरची बाजू दुखते. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते. शेक आणि करंटच्या दहा सिटिंग झाल्या, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता नवीन फिजिओकडे गेले तर त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात ‘उपचारातून तुमची अपेक्षा’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘दुखणं थांबावं.’ तर म्हणाल्या, एवढ्याने भागणार नाही, घरी विचार करून या. पेशंटने आता गृहपाठही करायचा का?’ — कराड

बाई, मुलाने नुसतं उत्तर लिहिलं की तुम्ही ‘पायऱ्या कुठे आहेत?’ म्हणून गुण कापत असालच. त्यांनी तुमच्याशी तेच केलं.

माझी एक जुनी चूक सांगते. दवाखाना सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. एक आजी यायच्या, सत्तरीच्या, खुबा झिजलेला. मी आपली त्यांचं चालणं सुधारायच्या मागे. सहा आठवड्यांत त्या घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत काठीशिवाय जाऊ लागल्या. मी खूश, मुलगा खूश. आजींचं तोंड मात्र आंबट. सातव्या आठवड्यात व्यायाम घेताना माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. नखं वाढून वळलेली, एक तर शेजारच्या बोटात रुतलेलं. विचारलं तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, ‘वाकता येत नाही गं. सुनेला पायाला हात लावायला कसं सांगू?’

एवढंच हवं होतं त्यांना. पाय जवळ घेऊन आपली नखं आपण कापायची. खुबा आखडला की पहिल्यांदा हेच जातं : नखं, मोजे, जोडवी, चपलेचा पट्टा. मी सहा आठवडे विचारलंच नव्हतं, आणि त्यांनाही वाटलं होतं की असलं काही फिजिओला सांगायचं नसतं. मग स्टुलावर बसून पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, तो कुठवर येतो ते रोज बघायचं, आणि लांब दांड्याचं नेलकटर, एवढ्यावर आम्ही आलो. पाय पूर्ण मांडीवर कधीच आला नाही. पण नखं कापली त्यांनी.

तेव्हापासून मी ‘काय होतंय?’च्या आधी ‘काय अडलंय?’ विचारते. यात माझी हुशारी नाही. १९९५ साली कॅनडातल्या फिजिओथेरपिस्टांनी यासाठी एक साधी पट्टी मांडली, ती आज जगभर वापरतात. अडलेली तीन ते पाच कामं पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे मुळीच जमत नाही, दहा म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं. काही आठवड्यांनी तीच कामं, तेच गुण. एखाद्या कामात तीन गुण वाढले तर ती खरी सुधारणा समजायची. एखादा गुण आज बरं वाटतंय म्हणूनही वाढतो.

‘दुखणं थांबावं’ यात चूक काहीच नाही. पण दुखणं दहापैकी आज पाच, उद्या तीन, परवा लग्नाला जाऊन आलं की सात. त्यावर रोज लक्ष ठेवून बसलात तर आठवड्यात हिरमोड होईल. ‘उजव्या कुशीवर दोन तास सलग झोप’, ‘दुसऱ्या मजल्यावरच्या दहावी अ पर्यंत कठडा न धरता’ असं लिहिलंत तर मोजता येईल. तुम्ही तर गणिताच्या.

न तपासता निदान करत नाही, पण तुमचं वर्णन ओळखीचं आहे. खुब्याच्या बाहेर हाताला जे टोकदार हाड लागतं, तिथे नितंबाच्या स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, येऊन चिकटतात. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत त्या बऱ्याचदा कुरकुरतात. याच दुखण्यावर ऑस्ट्रेलियात २०४ जणांचे तीन गट करून तपासलं, निकाल २०१८ मध्ये आला. एका गटाला समजावून सांगणं आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, तिसऱ्याला नुसतं थांबून बघणं. आठ आठवड्यांनी ‘बरंच बरं आहे’ म्हणणारे पहिल्या गटात शंभरात सुमारे ७७, इंजेक्शनवाल्यांत ५८, थांबलेल्यांत २९. याचा अर्थ व्यायाम नीट करूनही शंभरातल्या तेवीस जणांना तसं वाटलं नाही. हा आकडाही डोक्यात असू द्या. आणि त्या आठ आठवड्यांत १४ भेटी आणि घरी रोजचा व्यायाम होता. करंटच्या दहा सिटिंगची याच्याशी तुलना नको. शेक वाईट नाही, थंडीत मीही घेते, पण त्याने टेंडनला बळ येत नाही.

‘समजावून सांगणं’ यात काय येतं? फळ्यापाशी तुम्ही कशा उभ्या राहता ते आठवा. एका पायावर सगळा भार, कंबर बाजूला कलती, हातात खडू. पस्तीस मिनिटांचा तास, दिवसाचे सहा. त्या दोऱ्या तिथे हाडावर दाबल्या जातात. दोन्ही पायांवर भार घ्या, पायावर पाय टाकून बसू नका, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या. व्यायाम करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर घाबरून थांबायचं कारण नाही. हे आधी सांगितलेलं नसलं की पेशंट तिसऱ्या दिवशी पळतो.

‘वय ३३. दोन महिने डाव्या जांघेत दुखतंय, आता लंगडतो. मागच्या वर्षी एका आजारात बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. एक्स-रे नॉर्मल आहे. महिनाभर फिजिओथेरपी चालू आहे, फरक नाही. अजून किती दिवस वाट पाहू?’ — पुणे

एकही दिवस नको. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि स्टेरॉइडचं आपणहून सांगा. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरू लागतो, अशी एक अवस्था आहे. डॉक्टर तिला एव्हीएन म्हणतात. स्टेरॉइड आणि दारू ही तिची दोन मोठी कारणं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्ये कळतं. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, पण ते नाही हे आधी ठरायला हवं. तोवर उड्या, पळणं बंद आणि उजव्या हातात काठी.

‘वय ६१, एसटीत चालक होतो. उजवा खुबा झिजलाय, डॉक्टर म्हणतात पुढेमागे बदलावा लागेल, घाई नाही. एकोणीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालतोय, दिंडीत टाळकरी आहे. गेल्या वर्षी सासवडला पोचताना रडलो. यंदा जायचंच आहे. मुलगा म्हणतो नाही. फिजिओ म्हणतात, चालणं कमी करा. आज दीड किलोमीटर गेलं की बसावं लागतं. व्यायामाने खुबा पूर्ववत होईल का?’ — कोरेगाव

माउली, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही होणार. झिजलेली गादी व्यायामाने भरून येत नाही. वर्षभर मन लावून व्यायाम केलात तरी एक्स-रे आजच्यासारखाच दिसेल. कोणी फिजिओ, वैद्य किंवा तेलवाला ‘गादी वाढवून देतो’ म्हणाला तर पाकीट खिशात ठेवा.

मग करायचा कशाला? सांधा तोच राहतो, पण त्याला धरणारे स्नायू बदलतात. फायदा किती, तर बेताचा. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खुब्याच्या झिजेत व्यायामाने दुखणं शंभरपैकी सरासरी आठ गुणांनी कमी झालं. मेलबर्नच्या एका अभ्यासात तर, २०१४ सालच्या, खरी फिजिओथेरपी आणि खोटी, म्हणजे बंदच ठेवलेली मशीन यांत फरकच दिसला नाही. दोन्हीकडची माणसं सारखीच सुधारली. तो वाचून माझा दिवस खराब गेला होता. तरी मी पेशंटपासून तो लपवत नाही. ‘सगळं दुखणं जाईल’ असं कबूल करून पैसे घेणं मला जमणार नाही.

पण तुमची अपेक्षा ‘दुखू नये’ अशी नाहीच. तुम्हाला चालायचंय, आणि चालण्याचा हिशेब मांडता येतो. तुम्ही दर आठवड्याला अंतर दहाव्या हिश्शाने वाढवलंत, तर दीड किलोमीटरचे सोळा आठवड्यांनी सुमारे सात होतात. कागदावर. मधला एखादा आठवडा पायाखालून निसटणार, हे धरून चाला. पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाट. सात आणि तीस, तुम्हीच बघा. तुमचा मुलगा चुकीचं बोलत नाही, आणि तुम्हीही नाही. तुम्ही दोघं ‘वारी’ म्हणता तेव्हा आळंदी ते पंढरपूर सगळी वाट धरता, भांडण तिथे आहे.

पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. लोणंदला पालखीतळाजवळ आम्ही काही जण दरवर्षी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसतो, म्हणून ती वाट मला माहीत आहे. लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा आणि रस्ता सपाट. वाटेत चांदोबाचा लिंब, वारीतलं पहिलं उभं रिंगण. यंदा ध्येय लिहायचं तर मी असं लिहीन : ‘लोणंदला दिंडीला मिळेन, चांदोबाच्या लिंबाला रिंगणात उभा राहून टाळ वाजवेन, तरडगावला पायी पोचेन.’ त्यापुढचं पायाला विचारून. मधले टप्पे दिंडीच्या ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांबरोबर बसून गेलात तर माउली हजेरी मांडत नाहीत.

आता काठी. तुम्ही ‘काठी घेतली की म्हातारा झालो’ म्हणणाऱ्यांतले असाल. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो. बर्लिनमध्ये संशोधकांनी कृत्रिम खुब्यांतच मोजणारी यंत्रं बसवून तो मोजलाय. तुम्ही ७८ किलोचे असाल तर प्रत्येक पावलाला सुमारे १८५ किलो. काठी तो भार कमी करते, पण डाव्या हातात धरली तर. दुखऱ्या बाजूला धरणारे निम्मे तरी भेटतात. झोळीचं उलटं : ती उजव्या, म्हणजे दुखऱ्याच बाजूच्या खांद्यावर. हे ऐकून पेशंट माझ्याकडे संशयाने बघतात. दाराजवळ पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवलेली आहे, ती आधी या हातात, मग त्या हातात घेऊन चालायला लावते. परत येईपर्यंत संशय गेलेला असतो.

राहिला टाळ. त्याला दोन्ही हात लागतात, आणि एक हात काठीने अडवलेला. याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही. चालताना काठी, थांबल्यावर टाळ, असं माझ्या एका पेशंटने स्वतःच ठरवलं होतं. थांबला की काठी शेजारच्याकडे द्यायचा.

‘चालणं कमी करा’ म्हणणाऱ्या फिजिओंना वारीचं सांगितलं आहेत का? नसेल तर त्यांनी घरात बसणाऱ्या माणसाचा सल्ला दिलाय. हे पत्र घेऊन त्यांच्याकडेच जा.

‘आई ७२ वर्षांची, रत्नागिरीजवळ गावी असते. पडली, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलला. सात आठवडे झाले. मी डोंबिवलीहून रजा काढून आलेय. फिजिओ आठवड्यातून दोनदा घरी येतात, पण आई व्यायाम करत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. आम्हाला एवढंच हवंय की तिने आराम करावा आणि पुन्हा पडू नये. तिला कसं समजावू?’ — डोंबिवली

तुमच्या पत्रात ‘आम्हाला हवंय’ आहे, ‘आईला हवंय’ कुठेच नाही. रागावू नका. हे मी घरोघरी बघते. फिजिओ आले की लेक बोलते, मुलगा बोलतो, जावई फोनवरून बोलतो. जिचा खुबा, ती छताकडे बघते.

आज संध्याकाळी फिजिओंचं नाव न काढता विचारा, ‘आई, तुला पहिलं काय करावंसं वाटतं?’ कोकणातल्या बायकांची उत्तरं मला थोडीफार पाठ आहेत. कोणाला तुळशीला पाणी आपल्या हाताने घालायचं असतं. कोणाला आंघोळीच्या वेळी सून दारात उभी नको असते. एक बाई म्हणाली होती, ‘परसात अळू माजलंय, ते कोण काढतंय बघते.’ पलंगावर पडून पाय वीस वेळा उचलण्याचा आणि त्या अळवाचा संबंध तिला कोणी सांगितलेलाच नव्हता.

समजा तुळस निघाली. मग फिजिओंना सांगा की व्यायाम पलंगावरून पडवीत न्या. कठडा धरून उभं राहणं, एका पायावर भार घेणं, उंबरठा ओलांडणं, अंगणाच्या पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि कोणीतरी हाताच्या अंतरावर. व्यायाम तोच असतो, पण आता तो कुठेतरी पोचतो. तुमचं ‘पुन्हा पडू नये’ही त्यातच येतं, कारण पडून राहिलेल्या पायात बळ उरत नाही आणि असा पायच पडतो. तुम्ही करायची कामं वेगळी : अंगणातलं शेवाळ खरवडा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्रीचा दिवा चालू ठेवा. आणि साध्या पडण्याने हाड मोडलंय, तर हाडांच्या बळकटीच्या औषधाचं डॉक्टरांना विचारा. ते बऱ्याचदा राहून जातं.

पाटावर बसणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं यांना बहुतेक सर्जन सुरुवातीचे काही आठवडे बंदी करतात. ती किती दिवस हे ऑपरेशन कोणत्या बाजूने केलंय त्यावर ठरतं, म्हणून त्यांच्याकडूनच तारीख घ्या. आईला ‘आता कधीच नाही’ सांगू नका. तारीख कळली की माणूस दिवस मोजतो.

‘फिजिओथेरपीच्या किती सिटिंग लागतात? आधी कळलं तर पैशांची सोय करता येईल.’ — लातूर

पहिल्याच दिवशी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सोबत आणखी दोन गोष्टी विचारा : ‘फरक पडतोय हे आपण कधी आणि कशावरून ठरवायचं?’ आणि ‘नाही पडला तर पुढे काय?’ बहुतेक खुब्यांत चार ते सहा आठवड्यांनी निदान दिशा तरी दिसायला हवी. रोज बोलवून नुसती मशीन लावत असतील तर कारण विचारा. लांबून येत असाल तर ‘आठवड्यातून एकदा येईन, बाकी घरी करेन’ असं सांगितलं तर चालतं. मात्र मग घरी करायचं. आमच्याकडे दुसऱ्या भेटीला पेशंट वही उघडतो आणि पान कोरं असतं. तेव्हा बाहेर पाऊस होता, पाहुणे होते, वीज गेली होती. आडवं पडून व्यायाम करायला वीज कुठे लागते, हे मी विचारत नाही.